रंगाईला वाफ कितीला लावायची? एका कोळशाचे दोन वाटेकरी

बॉयलरवाला_बुटीबोरी

नमस्कार मंडळी. मी बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत युटिलिटी सांभाळतो. बॉयलर, टर्बाइन, कॉम्प्रेसर, पाणी असं सगळं. चौदा वर्षं झाली. प्रश्न हिशोबाचा आहे, पण त्याच्या उत्तरावर आमचं टर्बाइन राहणार की भंगारात जाणार हे ठरणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या बॉयलरची वाफ ४० बार, ४०० अंशांवर निघते. ती बॅकप्रेशर टर्बाइनमधून जाते, वीज तयार होते आणि तीच वाफ ४ बारला उतरून रंगाई विभागात आणि सायझिंगला (सुताला खळ लावायला) जाते. टर्बाइनमधून ताशी २० टन वाफ जाते, जनरेटरच्या मीटरवर १,८१० किलोवॉट दिसतात. या २० टनांना ताशी साडेचार टन कोळसा लागतो (जीसीव्ही, म्हणजे उष्मांक, किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास). गिरणीत पोचून टनाला ६,००० रुपये पडतो. म्हणजे तासाला २७,००० रुपयांचा कोळसा.

आता भांडण. वीज लूमशेड (मागांचा विभाग) वापरतं, वाफ मुख्यतः रंगाई वापरते. आमच्याकडे वर्षानुवर्षं कोळशाचा खर्च उष्णतेच्या प्रमाणात वाटतात. फीडवॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) ९० अंशांचं धरलं तर किलोमागे बॉयलर २,८३७ किलोज्यूल देतो, टर्बाइन त्यातले ३४३ घेतं. म्हणजे १२ टक्के विजेच्या नावावर, ८८ टक्के वाफेच्या. लूमशेडला वीज १ रुपया ७९ पैशांना पडते आणि रंगाईला वाफ टनाला १,१८८ रुपयांना.

आमचे डाइंग मास्टर हुशार माणूस. त्यांनी छोट्या बॉयलरचं कोटेशन आणलं. फक्त ४ बारची वाफ करायची, टर्बाइन नाही, काही नाही. त्यात वाफेच्या टनामागे कोळसा १,१३० रुपयांचा. ते मालकांसमोर सरळ म्हणाले, "माझ्या विभागाचा तोटा मी काउन सोसू? मला माझा बॉयलर द्या." कागदावर त्यांचं बरोबर दिसतं. मला मात्र आतून खात्री आहे की यात कुठेतरी मोठी चूक आहे. टर्बाइन बंद पडतं तेव्हा मी आमच्या पीआरडीएसपाशी उभा असतो, म्हणजे वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या वाल्व्हपाशी. ४० बारची वाफ त्या वाल्व्हमधून ४ बारला कोसळते तेव्हा असा काही आवाज होतो की बाजूच्या माणसाशी बोलता येत नाही. आणि त्या दिवशीच्या लॉगबुकमध्ये उष्णतेचा तोटा लिहितात शून्य! गणिताने ते खरंच शून्य येतं, कारण एन्थॅल्पी (वाफेतली एकूण उष्णता) आधी तेवढीच आणि नंतरही तेवढीच. पण मग तो आवाज कशाचा?

हा हिशोब कसा मांडावा? कुणी केला असेल तर कृपया सांगा. गुरुवारी मालकांसमोर बैठक आहे.

खर्चाचा_ताळा (धंतोली)

दादा, कॉस्टिंगमध्ये मी वीस वर्षं काढली, त्यावरून एक सांगते. जोड-उत्पादनांचा (एकाच खर्चातून निघणाऱ्या दोन वस्तूंचा) खर्च वाटायची पद्धत कोणतीही निवडा, कुणाला तरी ती अन्यायाचीच वाटणार. तुमच्यासारख्या ठिकाणी बरेच जण विजेला ग्रिडच्या भावाने जमा धरतात आणि उरलेला खर्च वाफेवर टाकतात. तुमचं बिल सगळं धरून युनिटला किती पडतं? समजा ९ रुपये. १,८१० गुणिले ९ म्हणजे १६,२९०. २७,००० मधून ते वजा केले तर उरतात १०,७१०. वाफ टनाला ५३५ रुपये. डाइंग मास्टर खूश होतील, पण मग लूमशेडचे लोक विचारतील की टर्बाइन आपल्या दारात असून आम्हाला विजेत एक पैसाही का सुटला नाही, आणि त्यांचं म्हणणंही खोटं नसेल.

तुमच्या उष्णतेच्या पद्धतीत जोड-उत्पादनाचा सगळा फायदा लूमशेडकडे जातो, माझ्या पद्धतीत सगळा रंगाईकडे. मधली रास्त वाट हवी आणि ती मला लेखाशास्त्रात सापडलेली नाही. इंजिनियर मंडळींनी सांगावं.

निवृत्त_कोराडी

मधली वाट आहे. ती सांगण्याआधी माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

मी कोराडीच्या वीज केंद्रात ऑपरेशनमध्ये होतो. कॉलेजची मुलं प्लांट बघायला यायची, कूलिंग टॉवर बघून थक्क व्हायची आणि दर वेळी कुणीतरी विचारायचंच: "सर, कोळशातली अर्धी उष्णता इथून उडून जाते ना? ती पकडत का नाही?" मी त्यांना कंडेन्सरपाशी न्यायचो आणि पाइपाला हात लावायला सांगायचो. पाणी कोमट. चाळीस-पंचेचाळीस अंश. उष्णता अफाट, पण तिच्या अंगात जोर नाही. बाहेर हवा ३० अंश आणि कंडेन्सर ४५ अंश असेल तर त्या उष्णतेतून कार्नोच्या नियमाने शंभरातले जेमतेम पाच भाग काम मिळू शकतं, तेही यंत्र आदर्श असेल तर. म्हणजे प्लांटचा खरा घात कूलिंग टॉवरवर होतच नाही. तो आधीच, भट्टीत झालेला असतो. पण भट्टीतून काही बाहेर पडताना दिसत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

उष्णतेतला हा जो 'जोर' आहे, काम करण्याची जी ताकद आहे, तिला एक्सर्जी म्हणतात. ऊर्जा नष्ट होत नाही, एक्सर्जी मात्र होते. तुमच्या वाल्व्हच्या आवाजात तीच मरत असते. आपण पैसे खरं तर तिचेच मोजतो, म्हणून खर्चही तिच्याच मापाने वाटायचा.

तुमचे आकडे घेतो. दाब अ‍ॅब्सोल्यूट (हवेचा एक बार मिळवून) धरला आहे, भोवतालचं तापमान ३० अंश. ४० बार, ४०० अंशांच्या वाफेची एक्सर्जी किलोला सुमारे १,१६८ किलोज्यूल. टर्बाइनमधून ४ बारला बाहेर पडताना ती साधारण २०५ अंशांवर असेल, तिची एक्सर्जी ६९७. फीडवॉटरची वीस-बावीस येते, ती मी सोडून देतो. ताशी २० टन म्हणजे टर्बाइनच्या तोंडाशी ६,४९० युनिट एक्सर्जी आली. (युनिट म्हणजे तेच किलोवॉट-तास. विजेची एक्सर्जी आणि ऊर्जा एकच, म्हणून तेच माप सगळीकडे चालतं.) बाहेर पडली ३,८७४ युनिट.

आता पैसे. तुमच्या साडेचार टन कोळशात जवळपास २१,००० युनिट आहेत, म्हणजे कोळशात युनिट पडलं १ रुपया २९ पैशांना. तेच वाफेत आलं की २७,००० भागिले ६,४९०, म्हणजे ४ रुपये १६ पैसे. तिपटीहून महाग. तुमचा बॉयलर उष्णतेच्या हिशोबात ७५ टक्क्यांचा आहे, एक्सर्जीच्या हिशोबात तिशीतला. यात तुमच्या देखभालीचा दोष नाही. हजार-बाराशे अंशांची ज्वाळा आणि अडीचशे अंशांना उकळणारं पाणी यांच्यात जी दरी आहे, तिची ही किंमत.

पुढचा नियम नीट लक्षात घ्या, कारण सगळा निवाडा त्याच्यावर आहे. टर्बाइन वाफेतली एक्सर्जी खातं, म्हणजे टर्बाइनसाठी वाफ हे इंधन. ज्या भावाने इंधन आत आलं, त्याच भावाने उरलेलं इंधन बाहेर गेलं असं धरायचं. बाहेर जाणाऱ्या वाफेला दर तोच ४.१६. ३,८७४ गुणिले ४.१६ म्हणजे १६,११५ रुपये. वाफ टनाला ८०६ रुपये. उरलेले १०,८८५ विजेवर. टर्बाइनने २,६१६ युनिट घेतले आणि १,८१० दिले, मधले ८०० युनिट त्याच्या पात्यांत, गिअरबॉक्समध्ये, जनरेटरमध्ये मेले. ते विजेच्या माथी गेले पाहिजेत, रंगाईच्या नाही. वीज युनिटला ६ रुपये १ पैसा. टर्बाइनची देखभाल आणि व्याज जे काय असेल ते याच सहा रुपयांवर चढवा, वाफेवर नाही.

आता तुलना करा. रंगाईला स्वतःच्या बॉयलरची वाफ १,१३०ला पडते, तुमची ८०६ला. लूमशेडला ग्रिडची वीज ९ला, तुमची सहाला. दोघांनाही एकत्र राहण्यात फायदा, आणि तो कुणी कुणाच्या खिशातून काढलेला नाही.

पीआरडीएसचंही बघा. २० टन वाफ वाल्व्हमधून ४ बारला सोडली की किलोमागे ३१४ किलोज्यूल एक्सर्जी मरते (थंड करायला मारतात ते पाणी धरलेलं नाही). तासाला १,७४५ युनिट. ४.१६च्या दराने ७,२६० रुपये. लॉगबुकात शून्य लिहिलेले ते हेच.

एक विचारतो, राग मानू नका. तुमचे ४ बार गेजवरचे की अ‍ॅब्सोल्यूट? आणि एक्झॉस्टला थर्मामीटर आहे का? २०५ हा माझा हिशोबाने आलेला आकडा आहे, तुमचा नाही.

बॉयलरवाला_बुटीबोरी

काका, तुमचा रिप्लाय मी बॉयलर हाऊसमध्ये उभ्या उभ्या दोनदा वाचला. गेज ३ दाखवतो, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट ४. तसंच धरून लिहिलं होतं. एक्झॉस्टला पॉकेट आहे, पण त्यातला थर्मामीटर कधीचा बंद आहे. स्टोअरमधून नवीन काढतो आणि आज रात्रीच बघतो.

एक शंका. भोवतालचं तापमान तुम्ही ३० धरलं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ असतात आणि डिसेंबरात पहाटे शेकोटीशिवाय उभं राहवत नाही. हा आकडा बदलला तर वाफेचा भावही बदलणार का? डाइंग मास्टर हा प्रश्न नक्की विचारतील.

उष्मागतिकी_शिकवते

बदलेल. मी हाच विषय शिकवते, त्यामुळे लगेच मांडून पाहिलं. भोवताल ४५ धरला तर तुमची वाफ टनाला साधारण ७५० रुपये येते, १५ धरला तर ८५४. भोवताल तापला की कमी दाबाच्या वाफेचा जोर जास्त वेगाने उतरतो, कारण ती भोवतालाच्या जवळ असते. नियम हवामानाप्रमाणे रोज बदलायचा नसतो. वर्षाची सरासरी धरून एक आकडा ठरवा, बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि वर्षभर त्याला हात लावू नका. दोन्ही टोकांना भाव १,१३०च्या बराच खालीच राहतो, हे मास्टरांना आवर्जून दाखवा.

थोडा इतिहासही, कारण "हे कुठून काढलं" असं बैठकीत कुणीतरी म्हणेल. वाफ आणि वीज एकत्र करणाऱ्या केंद्रात खर्च उष्णतेऐवजी काम करण्याच्या क्षमतेवर वाटावा, हे अमेरिकेत जोसेफ कीनन यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. 'एक्सर्जी' हा शब्द झोरान रांट यांनी १९५६ मध्ये दिला. पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला मायरन ट्रायबस आणि रॉबर्ट एव्हान्स समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या खर्चावर काम करत होते, त्यातून 'थर्मोइकॉनॉमिक्स' हे नाव आलं. जॉर्ज त्सात्सारोनिस यांनी ऐंशीच्या दशकात एक्सर्जीवर आधारलेल्या शाखेला 'एक्सर्जोइकॉनॉमिक्स' म्हटलं. निवृत्त_कोराडी काकांनी जो नियम लावला, इंधन ज्या भावाने आत आलं त्याच भावाने बाहेर, तो याच परंपरेतला आहे. म्हणजे तुमच्या गिरणीसाठी कुणी सोयीने शोधून काढलेला नाही.

मला मात्र तुमच्या आकड्यांत वेगळीच गोष्ट टोचते. सुती कापडाची रिअ‍ॅक्टिव्ह रंगाई बहुतेक ६० अंशांच्या आसपास होते ना? ६० अंशांच्या उष्णतेत कामाचा जोर असतो शंभरात नऊ. ती देण्यासाठी तुम्ही १४४ अंशांवर पाणी होणारी वाफ वापरता, जिच्यात सत्तावीस आहे. तीनपट. म्हणजे टर्बाइन वाचवलं तरी रंगाईच्या टाकीत तोच अपव्यय पुन्हा होतो, फक्त आवाज न करता. चिमणीच्या धुराची उष्णता, कॉम्प्रेसरचं गरम पाणी, छतावरची सौर उष्णता, यांतलं काहीही ६० अंशांसाठी पुरतं. वर्गात मी मुलांना सांगते की चांगल्या इंजिनियरने प्रत्येक कामाला त्याच्या लायकीचीच उष्णता द्यावी. तुमच्याकडे कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) तरी पूर्ण परत येतं का?

बॉयलरवाला_बुटीबोरी

मॅडम, सत्तर टक्के येतं. उरलेलं ८५ अंशांचं पाणी नाल्यात जातं आणि ते बघून मला रोज त्रास होतो. पण काकांच्या मापाने बघितलं तर त्या पाण्याची एक्सर्जी किलोला एकोणीस-वीसच निघते. मग त्याच्यासाठी धावायचं की नाही?

निवृत्त_कोराडी

धावायचं, भाऊ! इथे बरेच जण घसरतात. पाण्यात एक्सर्जी कमी आहे म्हणून ते स्वस्त ठरत नाही. ते पाणी गेलं की त्याच्या जागी ३० अंशांचं ताजं पाणी तुम्ही कोळसा जाळूनच तापवता, आणि तुमच्या भट्टीत कोळशाच्या एक्सर्जीतले सत्तर टक्के मरतात हे आपण आत्ताच पाहिलं. ३० वरून ८५ अंशांवर न्यायला टनामागे अठरा किलो कोळसा, म्हणजे ११० रुपये, वर सॉफ्टनरचं मीठ वेगळं. वस्तूत एक्सर्जी किती आहे आणि ती घडवायला किती एक्सर्जी जाळली, हे दोन आकडे वेगळे. खर्चासाठी नेहमी दुसरा बघायचा.

खर्चाचा_ताळा (धंतोली)

काकांचं गणित मला पटलं, आणि रास्त का आहे तेही कळलं. तरी बैठकीसाठी माझा एक आग्रह. ८०६ हा वाटणीचा भाव आहे, निर्णयाचा नाही. मालक विचारतील, "नवा बॉयलर घेतला तर गिरणीला एकूण काय होईल?" त्याला उत्तर वाटणीच्या आकड्यांनी देऊ नका, खिशातून जाणाऱ्या आणि वाचणाऱ्या पैशांनी द्या.

समजा रंगाई अर्धी वाफ घेते, ताशी १० टन. ती निघून गेली तर जुन्या बॉयलरचा अर्धा कोळसा वाचला: १३,५००. नव्या बॉयलरला लागला: ११,३००. इथपर्यंत तासाला २,२०० रुपये फायद्यात. पण टर्बाइनमधली वाफ अर्धी झाली, म्हणजे ९०५ युनिट कमी आले, ते ग्रिडकडून ९ रुपयांनी घ्यायचे: ८,१४५. निव्वळ तोटा तासाला जवळपास ५,९०० रुपये. तीन पाळ्या चालत असतील तर दिवसाला १ लाख ४० हजारांच्या वर. अर्ध्या भारावर टर्बाइनची कार्यक्षमता आणखी पडेल, ते तर मी धरलंच नाही. नव्या बॉयलरची किंमतही धरलेली नाही.

जुनी १,१८८ची पद्धत माणसाला बरोबर याच खड्ड्यात ढकलते. विभागाला फायदा दिसतो आणि गिरणी रोज लाख-दीड लाख घालवते. मी स्वतः वीस वर्षांत अशा किती पत्रकांवर सही केली असेल, हा विचार काल रात्री डोक्यातून गेला नाही. खर्चाचा भाव चुकीच्या मापाने काढला की प्रत्येक जण प्रामाणिकपणे वागूनही निर्णय चुकतो. तुमचे डाइंग मास्टर चुकीचे नाहीत, त्यांच्या हातात दिलेला आकडा चुकीचा आहे. बैठकीत हे त्यांच्या बाजूने बोला.

बॉयलरवाला_बुटीबोरी

ताई, तसंच केलं. काल बैठक झाली, म्हणून पुन्हा लिहितो.

आदल्या रात्री नवीन थर्मामीटर पॉकेटमध्ये तेल घालून बसवला. अर्ध्या तासाने काटा २०७वर थांबला. काका, तुमचा २०५ होता. मी तो आकडा फोरमनला दाखवला आणि तुमचं गणित त्याला तिथेच खडूने फरशीवर मांडून सांगितलं. तो दहावी शिकलेला आहे, बॉयलरवर तीस वर्षं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे सायेब, तो वाल्व्ह वरडते तो पैसाच वरडून राहिला." मग तो मला पीआरडीएसच्या वाल्व्हपाशी घेऊन गेला. वाल्व्ह बंद होता, टर्बाइन पूर्ण भारावर. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक वाल्व्हच्या अंगावर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. आत बारीक, सतत सूं-सूं. वाल्व्ह पासिंग होता, म्हणजे बंद असूनही आतून वाफ सोडत होता, कधीपासून कुणास ठाऊक. बॉयलरचा फ्लोमीटर आणि टर्बाइनचा फ्लोमीटर यांत दीड टनाचा फरक होताच, तो आम्ही इतकी वर्षं मीटरची चूक समजत आलो. दीड टन म्हणजे काकांच्या दराने तासाला साडेपाचशे रुपये.

बैठकीत सुरुवात ताईंच्या ५,९००ने केली, त्यानंतर ८०६ आणि सहा रुपये मांडले. डाइंग मास्टरांनी मे महिन्याचा प्रश्न विचारलाच. मॅडमचे ७५० आणि ८५४ दोन्ही दाखवले. आम्ही भोवताल ३० अंश धरून वर्षभरासाठी ठरवून टाकलं. बॉयलरचं कोटेशन बाजूला ठेवलं आहे. मास्टरांनी त्याच बैठकीत आपल्या विभागाचं उरलेलं तीस टक्के कंडेन्सेट परत पाठवायची लाइन मागून घेतली, टनाला ११० रुपये त्यांच्या खात्यात जमा करायच्या बोलीवर. मी लगेच हो म्हटलं.

वाल्व्हची सीट आणि प्लग रविवारी उघडतोय. लॅपिंगने (घासून नीट बसवून) भागेल की नवीन सीट लागेल, ते उघडल्यावर कळेल. काका, ४० बारच्या लाइनवर सीटला स्टेलाइट (कठीण मिश्रधातूचा थर) असलेलीच घ्यावी का? तुमच्याकडे कोणती वापरायचे?